जिवंत जन्मलेली

"मग तुझी एक नाही, दोन होतात," माई म्हणाल्या आणि ताटातले तांदूळ पुन्हा निवडायला लागल्या.

प्रमोदिनीने मान वर केली नाही. बॉलपेनचं टोक कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. रविवारची दुपार होती. राजारामपुरीच्या नवव्या गल्लीतली घरं जेवून-खाऊन आडवी झाली होती आणि खाली कुणीतरी स्कूटर चालू करायला बघत होतं. किक मारत होतं, थांबत होतं, पुन्हा मारत होतं. प्रश्न नीट कळला नसेल, असं तिला वाटलं. सासूबाईंना सत्तरावं चालू होतं. नातवंडंही धरली असतील. वर्गातल्या ढ मुलीला समजावताना लावायची तो आवाज लावून ती म्हणाली, "माई, माझं लिहून झालंय. आता तुमचं चाललंय. तुमची जन्मलेली चार, त्यातली हयात दोन. बरोबर?"

"माझं बरोबर आहे. तुझं चुकलंय."

"माझी एकच की. श्यामला."

"आत्ता काय वाचलंस तू? एक श्वास जरी घेतला असला तरी धरायचं, असंच ना?"

"हो."

"मग दोन." माईंनी एक खडा चिमटीत धरून ताटाच्या काठावर ठेवला. "ती रडली होती."

खालची स्कूटर चालू झाली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन नाहीशी झाली. प्रमोदिनीला पहिल्यांदा ऐकू आला तो 'रडली' हा शब्द नव्हे. 'ती' हा शब्द आधी ऐकू आला. ती मुलींच्या शाळेत मराठीच शिकवायची. तो, ती, ते असे फळ्यावर तीन रकाने पाडून आठवीच्या मुलींकडून ते भरून घ्यायची. आणि तिच्या स्वतःच्या घरात सतरा वर्षं एक गोष्ट तिसऱ्या रकान्यात पडून होती. मूल मेलेलंच जन्मलं. झालं ते झालं. ते मनातून काढून टाक. 'ते'ला चेहरा नसतो, आवाज नसतो, केस नसतात. पोत्याला ते म्हणतात, ओझ्याला ते म्हणतात, लाकडाला ते म्हणतात. सतरा वर्षांत तिने स्वतःशी बोलतानासुद्धा दुसरा शब्द वापरला नव्हता, आणि आता ह्या बाईने तांदूळ निवडता निवडता एका रकान्यातून उचलून ती दुसऱ्यात ठेवली होती. तिने पेन कागदावरून उचललं. टोक टेकलं होतं तिथे शाईचा मोहरीएवढा डाग पडला होता, आणि आता वरून हिशेब विचारतील, गटातला एकही कागद खराब करायचा नाही म्हणून सांगितलंय, असा एक अगदी भलताच विचार तिच्या डोक्यात येऊन गेला.

ह्या शिरगणतीच्या कामाला ती पहिल्या दिवसापासून वैतागली होती. सकाळची शाळा, दुपारी घरोघर, संध्याकाळी फॉर्म पुरे करायचे. श्यामला दहावीला; परीक्षा महिन्यावर आलेली आणि तिच्याजवळ बसायला आईला वेळ नाही. कुरुंदवाडला पुतणीचा साखरपुडा झाला, त्याला जाता आलं नाही. शिक्षकांनाच का धरतात, असं स्टाफरूममध्ये सगळ्याच म्हणत. पण नाव आलं की पिशवी आणि पॅड घेऊन मुकाट्याने निघत. त्यातून तिच्या नशिबी जो गट आला तो नमुन्याचा निघाला. पाचांतल्या एका गटात जास्तीचे प्रश्न विचारायचे होते: कुठून आलात, का आलात, आणि लग्न झालेल्या प्रत्येक बाईला, हयात मुलं किती, आणि आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं किती. ह्या प्रश्नाने तिचा जीव नकोसा केला होता. आणीबाणीला चार-पाच वर्षं झाली होती तरी मुलांचा आकडा विचारला की बाया दार ओढून घेत. 'ऑपरेशनचं न्हाय न्हवं बाई?' असं विचारत. एका म्हातारीने तिला जोत्यावरून खाली उतरवलं होतं. ती मग प्रश्न पटापट विचारायची, उत्तर आलं की आकडा टाकायची, आणि पुढचं दार. प्रशिक्षणाच्या दिवशी पर्यवेक्षक बाळासो चौगुले, प्राथमिक शाळेचे हेडमास्तर, टेबलावर मूठ आपटून सांगत होते की ह्या प्रश्नाला घाई करायची नाही. मूल जन्मल्यावर एकदा रडलं, हललं, श्वास घेतला, आणि मग मिनिटाने गेलं, तरी ते जिवंत जन्मलेलं धरायचं. बाया असली मुलं सांगायची विसरतात. म्हणून पुस्तकातला नियम प्रत्येकीला वाचून दाखवायचा. प्रमोदिनी तेव्हा घड्याळाकडे बघत होती. पण नियम ती वाचायची. नियम वाचायचा म्हटलं की वाचायचा, हा तिचा स्वभावच होता. आपलं घर आपल्याच गटात येतंय, ते सोपं म्हणून तिने शेवटी ठेवलं होतं. आधी नवऱ्याचं लिहिलं, मग स्वतःचं. स्वतःला नियम वाचून दाखवायची काही गरज नव्हती. हयात: मुली एक. जिवंत जन्मलेली: मुली एक. मग माईंना हाक मारली आणि सवयीने नियम वाचला.

"कधी रडली?" तिने विचारलं. आवाज अगदी नेहमीचा आला, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"जन्मली तेव्हा एकदा. मग माझ्या मांडीवर एकदा."

"तुमच्या मांडीवर."

"मग कुणाच्या? तू शुद्धीवर नव्हतीस. डॉक्टर, नर्स सगळी तुझ्याभोवती. तुला झटके येत होते, जीभ चावली होतीस तू. डॉक्टर म्हणाले, ही जगायची नाही, हिच्यात वेळ घालवला तर आई जाईल. कापसात गुंडाळून माझ्याकडे दिली. पावणेदोन तास होती."

पावणेदोन तास. त्रेसष्ट सालचा कार्तिक महिना. त्या दिवसाचं प्रमोदिनीजवळ फारसं काही नव्हतंच. एका खासगी प्रसूतिगृहातली हिरवट भिंत, डोळ्यांपुढे उडणारे काजवे, तोंडात रक्ताची चव, कुणीतरी तिचे हात दाबून धरतंय. आणि मग एकदम दुसरा दिवस, खिडकीत उन्हं, आणि पायाशी माई बसलेल्या. माईंनी तेव्हा सांगितलं होतं, मेलेलंच जन्मलं, तू वाचलीस हे दत्ताचे उपकार. आणि ती रडायला लागली तशी म्हणाल्या होत्या, रडायचं नाही, रक्तदाब चढेल. ते ह्या बाईचं वाक्य तिने सतरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं. दोघींत जे जे बिनसलं, लोणच्याच्या बरणीवरून, श्यामलाच्या शाळेवरून, तिच्या नोकरीवरून, त्या प्रत्येकाच्या तळाशी ते वाक्य होतं. चौथ्या दिवशी तिची छाती भरून आली होती. दगडासारखी घट्ट झाली होती, अंगात ताप, आणि दुधाने चोळी भिजून चिकट. माईंनी जुनं धोतर फाडून छातीवर करकचून पट्टा बांधला होता. मेलेल्यासाठी दूध कसं येतं, असं तिने नर्सला विचारलं होतं, आणि नर्स खिडकी लावून गेली होती. आपलं शरीर मूर्ख आहे, त्याला काही कळत नाही, असं प्रमोदिनीला तेव्हापासून वाटत आलं होतं. श्यामलाच्या वेळी नऊ महिने ती स्वतःच्या पोटाकडे संशयाने बघत होती; ह्याच्या आत एकदा मरण राहून गेलंय, आपण त्याला पोसलंय, वाढवलंय. आता ती जिथे बसली होती तिथेच तिने नकळत उजवा हात छातीवर ठेवला. शरीराला कळलं होतं. शरीराचं काही चुकलं नव्हतं. मूल रडलं होतं आणि दूध आलं होतं, इतकं ते सरळ होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

माईंनी ताट बाजूला सारलं. बोटांना तांदळाची पांढरी पूड लागली होती, ती त्या पदराला पुसत राहिल्या.

"माझी चार म्हणाले ना मी. पहिलं नऊ दिवसांचं होऊन गेलं. कुरुंदवाडला. मी अठराची होते. त्याचं रडणं माझ्या कानांतून जाईना. चुलीपाशी बसलं तरी ऐकू यायचं, घाटावर गेलं तरी यायचं. पाणी तापायला ठेवलं की त्या आवाजात यायचं. मी हातातलं टाकून उठायचे आणि खोलीत जाऊन बघायचे. मग सगळे म्हणाले, हिला बाहेरचं काही लागलंय. वाडीला दत्ताच्या देवळात नेऊन बसवलं मला. चार महिने. ओल्या लुगड्याने प्रदक्षिणा घालायची आणि पालखीच्या वेळी घुमणाऱ्या बायांत बसायचं. त्या केस सोडून किंचाळायच्या. मला काही लागलं नव्हतं गं. मला नुसतं ऐकू येत होतं." त्यांनी पदर सोडला. "तुझी मांडीवर घेतली, ती रडली, आणि मी म्हटलं, हिने ऐकलेलं नाही तेवढं बरं. जे ऐकलेलं नाही ते कानात राहत नाही. ऐकलंय ते मी ऐकलंय. माझ्यापाशीच राहू दे."

"आणि आज का सांगितलंत?"

"तू विचारलंस."

"मी माझं नव्हतं विचारलं, माई. तुमचं विचारलं होतं."

"तेच." माईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "माझं तरी आजवर कोणी विचारलं होतं? आणि सरकारी कागद आहे. त्यावर माझं ते नऊ दिवसांचं चढलं, आणि तुझी तेवढी राहिली, हे काही मला बरं वाटलं नाही."

प्रमोदिनी उठली. पॅड, पिशवी, चपला. दोन घरं राहिली आहेत, असं काहीतरी ती म्हणाली. कुलूप होतं म्हणून दोन घरं खरंच राहिली होती, पण ती त्या घरांकडे गेली नाही. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आली, तिथून बंद दुकानांच्या कडेकडेने चालत राहिली. फेब्रुवारी असूनही ऊन डोक्यात शिरत होतं. एका शिकवणीवर्गाच्या जिन्यावर मुली उभ्या होत्या, त्यातल्या एकीने तिला नमस्कार केला. तिने परत केला की नाही ते तिला कळलं नाही. सतरा वर्षांच्या असतील त्या. आजवर रस्त्यात अशा मुली दिसल्या तर तिच्या मनात काही यायचं नाही. 'ते' सतरा वर्षांचं होत नाही. आता मात्र एकदम, कुणी दार उघडून आत ढकलून द्यावी तशी एक मुलगी तिच्या आयुष्यात येऊन उभी राहिली होती, आणि त्याच क्षणी ती गेलेलीही होती. आज दुपारी अडीच वाजेपर्यंत प्रमोदिनीला मेलेली मुलगी नव्हती. आता होती. ह्याला काय म्हणायचं? तिला राग आला. इतका आला की टाकाळ्याच्या चढावर ती भर उन्हात थांबली. पावणेदोन तास माझ्या मुलीचे होते, आणि ह्या बाईने मला न विचारता ते घेतले, कडीकुलुपात ठेवले आणि सतरा वर्षं त्यांच्यावर बसून राहिली. ही कोण ठरवणारी मी काय ऐकायचं ते? आणि त्याच रागाच्या पोटातून दुसरं काहीतरी वर येत होतं, ते तिला ओळखू येईना. आपली मुलगी एकटी नव्हती, हे. कापसात गुंडाळून कुठल्यातरी पत्र्याच्या टेबलावर टाकून दिलेली नव्हती. कुणाच्या तरी मांडीची ऊब तिला होती. ती रडली तेव्हा कुणीतरी ते ऐकलं होतं, आणि अजूनही ऐकत होतं.

तिला चार दिवसांपूर्वीची शालूबाई आठवली. मागच्या बोळात राहणारी, चार घरची धुणी करणारी. दारातच, ओल्या हातांनी, तिने उत्तरं दिली होती. "पाच," म्हणाली, आणि नियम वाचल्यावर गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, एक तासभर हुतं. त्येला धरायचं व्हय?" प्रमोदिनी म्हणाली होती, धरायचं. "मग सा. लिवा सा." आणि आत जायच्या ऐवजी ती तिथेच उभी राहिली होती, प्रमोदिनीच्या हाताकडे बघत. सहाचा आकडा पुरा होईपर्यंत. लिहिता न येणाऱ्या बाईने आकड्याकडे इतकं निरखून काय बघायचं, असं प्रमोदिनीला तेव्हा वाटलं होतं, आणि 'सही करा, अंगठा चालेल' असं काहीतरी पुटपुटत तिने पुढचा फॉर्म काढला होता. एकशे अठरा बायांना तिने हा प्रश्न विचारला होता. त्यांतल्या कितीजणी थांबल्या होत्या? कितीजणींनी आधी एक आकडा सांगून मग दुसरा सांगितला होता? तिने वर बघितलंच नव्हतं. दिल्लीतल्या कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी हा प्रश्न तयार केला, त्याच्या डोळ्यांपुढे टक्के असतील, तक्ते असतील. राजारामपुरीतली कुणी प्रमोदिनी त्याच्या ध्यानीमनी नसणार. पण त्या माणसाने लिहून ठेवलं होतं की एक श्वाससुद्धा मोजायचा. घरातल्या माणसांनी, देवळातल्या भटजींनी, नात्यागोत्यातल्या कुणी जे कधी विचारलं नाही, ते त्याने विचारलं. आणि ते तिच्याच तोंडून तिच्याच घरात वदवून घेतलं. तिला त्या अनोळखी माणसाचे उपकार वाटले. रागाइतकेच, रागाच्या बरोबरीने. ह्या कामाला आपण शिव्या दिल्या, याची तिला लाज वाटली नाही. लाज वाटायला तिच्यात जागाच नव्हती. फक्त छातीशी धरलेलं पॅड ती आणखी घट्ट धरून परत फिरली.

तिचा नवरा नृसिंह रविवार असूनही कामावर गेला होता, तो संध्याकाळी साडेपाचला आला. पाटबंधारे खात्यातला शांत, नीटनेटका माणूस. आल्या आल्या शर्ट हँगरला लावणारा. प्रमोदिनीने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "तिला तुम्ही बघितलं होतं?"

कोणाला, असं त्याने विचारलं नाही. एवढ्यावरूनच तिला सगळं कळलं. त्याने कप खाली ठेवला. बशीत चहा हिंदकळला.

"माईने सांगितलं?"

"बघितलं होतं का?"

"हो."

"कशी होती?"

तो खुर्चीत बसला. "लहान होती," तो म्हणाला. "ह्या एवढी. पण बोटं लांब होती. माईच्या पदराचा काठ धरला होता तिने. धरला होता म्हणजे... काठ बोटांत होता. मला वाटलं, ही पेटी वाजवेल." मग तो पटकन म्हणाला, "मी सांगणार होतो. श्यामलाच्या वेळी सांगणार होतो. तेव्हा तुला धास्ती वाटली असती. मग श्यामला झाली, तू खूष होतीस. मग आपण इथे राहायला आलो. मग... तू काही विचारलं नाहीस."

"एकदा विचारलं होतं. मुलगा होता की मुलगी. रिक्षात, दवाखान्यातून येताना."

"हो."

"तुम्ही म्हणालात, कशाला आता."

"हो," नृसिंह म्हणाला. "म्हणालो होतो." आणि मग हा नीटनेटका माणूस, ज्याला तिने वडील गेले तेव्हाही हुंदका देताना पाहिलं नव्हतं, दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून, पाठ ताठ ठेवून, आवाज न करता रडायला लागला. कुठे पुरलं ते त्यानेच सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. पंचगंगेच्या काठाला, स्मशानाच्या अलीकडे. सोबत ऑफिसातला केरबा शिपाई होता. केरबाने खड्डा काढला आणि तो म्हणाला होता, साहेब, पोरीच्या अंगावर काहीतरी असू दे, म्हणून नृसिंहने आपला हातरुमाल घातला होता. प्रमोदिनी ऐकत राहिली. प्रत्येक गोष्ट येऊन तिच्यावर आदळत होती आणि प्रत्येक गोष्ट तिला हवी होती. हातरुमाल कुठल्या रंगाचा, हे तिने विचारलं. निळ्या काठाचा, तो म्हणाला. त्याला आठवत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणी झाली आणि गणकांनी आपापल्या पिशव्या बाळासो चौगुल्यांच्या शाळेत नेऊन दिल्या. शाळा सुटलेली होती. पहिलीच्या वर्गातले लहान बाक भिंतीला लावून मधे टेबल टाकलं होतं, दोन तरुण मास्तर गठ्ठे बांधत होते. बाळासो चष्मा नाकावर ओढून एकेक स्लिप उलटत होते. प्रमोदिनीच्या गठ्ठ्यातल्या एका स्लिपवर ते थांबले.

"बाई, ही खाडाखोड? साऱ्या वॉर्डात तुमचं काम सोवळं म्हणून मी सगळ्यांस्नी सांगतोय, आन् तुम्ही..." त्यांनी नाव वाचलं. "आरं, ही तर तुमचीच हाय की! जिवंत जन्मलेली एक, ती खोडून दोन. स्वतःची पोरं मोजताना चुकलासा व्हय?"

गठ्ठे बांधणारे मास्तर हसले. बाळासोही हसत होते. मनाने चांगला माणूस.

"मला माहीत नव्हतं," प्रमोदिनी म्हणाली. "घरातल्यांनी सांगितलं नव्हतं. ह्या कामामुळे कळलं."

हसणं एकदम थांबलं नाही. एका मास्तरचं जरा मागे रेंगाळलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. बाळासोंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. "किती येळ हुतं, बाई?"

"पावणेदोन तास."

"पोरगी?"

"हो."

"मग आलती की," बाळासो म्हणाले. "कोण म्हणतंय न्हवती म्हणून? आलती. घटकाभर का हुईना, ह्या गावात आलती." त्यांनी स्लिप तिच्याकडे सरकवली आणि खोडलेल्या आकड्याशेजारी बोट ठेवलं. "हितं बारकी सही करा. खोडलं की सही लागती. न्हायतर वरचं कोणतरी पुन्यांदा एक करून ठेवील."

प्रमोदिनीने सही केली. अक्षर नीट आलं. ह्या मुलीचा जन्म कुठल्या दप्तरात नव्हता, मृत्यू नव्हता, नाव तर ठेवलंच नव्हतं. तिच्या नावाने, किंवा नाव नसण्यावर, ही पहिली सही. हा कागद पुण्याला जाईल, तिथे कुणीतरी त्यातला आकडा दुसऱ्या आकड्यात मिळवेल, आणि कोट्यवधींत तो दिसेनासा होईल. होऊ दे. दिसेनासं व्हायलासुद्धा आधी मोजलं जावं लागतं. "मी तुमची फार आभारी आहे, सर," ती म्हणाली, आणि बाळासो गडबडून गेले. "आमचं कसलं, आमचं कसलं," म्हणत त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला.

श्यामलाला सांगायचं परीक्षा झाल्यावर, असं नृसिंहचं म्हणणं होतं. पण घरी आल्यावर, चपलासुद्धा न काढता, प्रमोदिनी मुलीच्या टेबलापाशी गेली. पुन्हा योग्य वेळेची वाट बघायची तिची तयारी नव्हती. बीजगणिताचं पुस्तक उघडं होतं. तिने सरळ सांगितलं. तुझ्याआधी एक मुलगी झाली होती. पावणेदोन तास जगली. तुझ्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठी. मला ठाऊक नव्हतं, पंधरवड्यापूर्वी कळलं.

श्यामलाने दातांत धरलेली पेन्सिल काढली. स्वयंपाकघरात माईंच्या हातातलं भांड्याचं काम थांबलेलं होतं.

"म्हणजे मी दुसरी?"

"हो."

"मोठी नाहीच? म्हणजे पहिल्यापासून?"

"नाही."

मुलीचं तोंड हळूहळू लाल होत गेलं. कपाळाला आठी पडली, आणि आता ही रडेल, असं वाटून प्रमोदिनीने हात पुढे केला.

"म्हणजे मला सगळे तिचे जुने फ्रॉक घालावे लागले असते," श्यामला म्हणाली. "आणि सायकल पण. तिला नवी, आणि मला तिची मोडकी. कळलं ना तुला? आणि तिने मला हातसुद्धा लावू दिला नसता सायकलला!"

प्रमोदिनीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. पोरगी खरंच चिडली होती. नाकपुड्या फुगल्या होत्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या मुलीवर कुणीतरी चिडलं होतं.